गॅदरिंगला कोण आलं नाही? वसईतल्या एका मराठी कॅथलिक प्राथमिक शाळेचं प्रकरण

हे प्रकरण वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका छोट्या गावातल्या शाळेचं आहे. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, माणसं ओळखू येतील असे तपशीलही बदललेत. मी त्या काळात पालक-शिक्षक संघात होते, त्यामुळे मीटिंगा, वाद, हिशेब सगळं जवळून बघितलंय. अशा शाळा आपल्याकडे बऱ्याच आहेत आणि नाताळ-गॅदरिंगचा सीझन आला की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच प्रश्न येतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

शाळा चर्चच्या आवारातच. पहिली ते चौथी, मराठी माध्यम, अनुदानित. मुख्याध्यापिका सिस्टर, बाकी शिक्षिका काही ख्रिस्ती, काही हिंदू. वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला १९९८ मध्ये, शाळा त्याच्या कितीतरी आधीची. इथल्या कॅथलिकांच्या घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोलतात आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडली तेव्हापासून. त्यामुळे मराठी शाळा ही धर्मग्रामाची (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक वस्तीची) आपली शाळा होती, चौथीतलं पोर रविवारी मिस्सेला वाचन करायचं आणि सोमवारी तेच शाळेत प्रार्थना सांगायला उभं राहायचं.

मग गेल्या वीसेक वर्षांत धर्मग्रामातली बहुतेक घरं इंग्लिश माध्यमाकडे गेली. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही, ज्यांनी त्यांनी आपापल्या पोरांचं बघितलं. मराठी शाळेत आता निम्म्याहून जास्त मुलं आहेत ती वाड्यांवर (बागायतीत) कामाला येणाऱ्या कुटुंबांची, जव्हार-मोखाड्याकडची वारली, कोकणा घरं, काही मराठवाड्यातून बांधकामावर आलेली, थोडी कोळीवाड्यातली आणि उरलेली आपल्या धर्मग्रामातली. यातली वाडीवरची बरीच घरं दिवाळीनंतर येतात आणि शिमग्याच्या आसपास गावी परततात. म्हणजे त्यांची मुलं शाळेत दाखल होतात नोव्हेंबरात, जूनमध्ये नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

पटाचाही ताण होताच. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, शिक्षण हक्क कायद्यातलं साधारण प्रमाण ३० मुलांमागे १ शिक्षक, म्हणजे वीस-पंचवीस मुलं कमी झाली की एका बाईंच्या पदावर टाच येते. त्यामुळे गॅदरिंग ही नुसती हौस नव्हती, गावाने शाळा बघावी, पुढच्या वर्षी दोन-चार प्रवेश वाढावेत हाही हेतू असायचा.

वर्षाचं कॅलेंडर ठरलेलं. ८ सप्टेंबरला मारियामातेचा, म्हणजे येशूच्या आईचा, जन्मदिन, त्याला मुलं फुलं घेऊन येतात. ऑक्टोबर जपमाळेचा महिना. १४ नोव्हेंबर बालदिन. मग आगमनकाळ, नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. आणि नाताळच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी सकाळी १० वाजता गॅदरिंग, त्यातच नाताळची नाटिका.

काय बिघडलं

ज्या वर्षापासून हे सुरू झालं त्या वर्षी गॅदरिंग वरवर बघता छान झालं. मंडप, साऊंड, बाहेरून आणलेला डान्स टीचर, रेकॉर्ड डान्स, पाहुणे, बक्षीसं. दुसऱ्या दिवशी चौथीच्या बाई हजेरी भरत बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की कार्यक्रमाच्या दिवशी शाळेतली जवळजवळ तिसरा हिस्सा मुलं आलीच नव्हती. सगळ्यांपुढे "आजारी". एवढी पोरं एकाच दिवशी आजारी कशी पडतील? बाईंनी कोणाला न सांगता नावं बाजूला काढली तर दिवाळीनंतर दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ सगळी त्यात होती.

एका मुलीची आई फाटकाशी भेटली तेव्हा बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "तिला नाचात घेतलीच नव्हती बाई, मग नुसती बसवायला कशाला पाठवू, आणि माझा खाडा होतो तो वेगळा." एवढंच बोलून ती कामावर गेली.

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, हे मला परत परत सांगावंसं वाटतं. झालं काय होतं तर ड्रेपरीचे (नाचाच्या भाड्याच्या ड्रेसचे) ३५० रुपये २५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचे, मेसेज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला, ज्यांनी हो म्हटलं त्यांची मुलं डान्समध्ये. वाडीवरच्या घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात, त्यात रिचार्ज असेल तर. आणि ३५० म्हणजे बाईमाणसाची जवळपास एका दिवसाची मजुरी, वर सकाळी १० ला यायचं म्हणजे त्या दिवसाचीही गेली. वाईट इच्छा नसतानाही मुलं बाहेर राहतील असा नियम आपोआप तयार झाला होता.

दुसरीकडे धर्मग्रामातले जुने लोकही नाराज होते, पण वेगळ्या कारणाने. आगमनकाळ हा तयारीचा, शांतपणे वाट बघायचा काळ, आणि चर्चच्या आवारात सिनेमाच्या गाण्यांवर नाच चाललाय हे बऱ्याच जणांना खटकलं. एका आजोबांनी मिस्सा सुटल्यावर फादरांना तिथेच सुनावलं. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम करतोय असं वाटत होतं ते खूश नाहीत आणि ज्यांची मुलं शाळेत आहेत ती आलीच नाहीत.

समोर काय काय होतं

जानेवारीत संघाची मीटिंग झाली, चांगली अडीच तास चालली. चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली अगदी सोपी: धर्मग्रामातल्या दानशूर लोकांकडून फंड घ्यायचा आणि गरीब मुलांच्या ड्रेसचे पैसे त्यातून भरायचे. बहुतेकांना हे लगेच पटलं. सिस्टरांनी एकच विचारलं, की गरीब कोण हे ठरवणार कोण आणि यादी कुठे लावणार? पहिलीतल्या पोराला पण कळतं की आपला ड्रेस कोणीतरी दिलाय. शिवाय फंड एखाद्या वर्षी आटला की पुन्हा तेच.

दुसरी: गॅदरिंग बंद, फक्त नाताळची गाणी आणि गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. खर्च नाही, वाद नाही. पण शिक्षिका विरोधात होत्या, कारण बऱ्याच मुलांना आयुष्यात स्टेज मिळतं ते इथेच.

तिसरी: सगळं तसंच ठेवून वेळ संध्याकाळची करायची. चौथी: नाताळ आणि गॅदरिंग वेगळं करायचं. डिसेंबरात नाताळ साधा, आगमनकाळाला धरून, आणि गॅदरिंग जानेवारीत, ६ तारखेच्या तीन राजांच्या सणानंतरच्या शनिवारी संध्याकाळी.

चौथ्याला विरोध झाला तो शिक्षिकांकडूनच, आणि तो रास्त होता. दोन कार्यक्रम म्हणजे दुप्पट सराव, जानेवारीत खेळांचे सामने, २६ जानेवारी, वर ऑनलाइन माहिती भरायची कामं चालूच. शेवटी चौथा पर्याय ठरला पण एका अटीवर, की जानेवारीचे खेळ फेब्रुवारीत ढकलायचे आणि डान्स टीचर बंद. पैसेही वाचले.

मारिया कोण होणार

हा वाद मी वेगळा लिहितेय कारण माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच होता.

पुढच्या वर्षी नाटिकेची पात्रं निवडताना तिसरीच्या बाईंनी मारियासाठी एका वारली मुलीचं नाव सुचवलं. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. लगेच कुजबुज सुरू झाली. धर्मग्रामातल्या दोन-तीन आयांना वाटलं की हे पात्र तरी आपल्या मुलीला मिळावं, शाळा आपली आहे, इतर ठिकाणी आपण सगळ्यांना सामावून घेतोच ना. दुसऱ्या बाजूने एका शिक्षिकेला भीती होती की उद्या कोणी उठून म्हणेल आदिवासी पोरीला येशूच्या आईचं काम देऊन धर्म शिकवता. आजच्या दिवसात ही भीती उगाच नाही.

इथे सिस्टरांनी घाई केली नाही ते फार बरं झालं. संविधानाचं २८ वं कलम त्यांना माहीत होतं, त्यात तिसऱ्या उपकलमात स्पष्ट आहे की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. अल्पसंख्याकांना ३० व्या कलमाने शाळा चालवायचा हक्क आहे म्हणून हे बाजूला पडत नाही. नाटिका म्हणजे उपासना नाही असं म्हणून सुटता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, विचारायला काय जातं? त्या स्वतः संध्याकाळी वाडीवर गेल्या, आईबापाला समोर बसवून नाटिकेत काय आहे, मुलगी काय बोलणार, कुठे बसणार ते सगळं सांगितलं, आणि नाही म्हणालात तरी पोरीला दुसरं चांगलं काम देऊ हेही सांगितलं. आई म्हणाली, बाळ सांभाळायचंच काम आहे ना, करू दे. बापाने विचारलं, बघायला आम्हाला येता येईल का.

धर्मग्रामातल्या आयांशी फादर बोलले. उपदेश केला नाही, एवढंच म्हणाले की बेथलेहेममध्ये त्या दोघांना राहायला जागा मिळाली नव्हती, गव्हाणीत बाळ ठेवावं लागलं, हे आपण दरवर्षी वाचतो. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. एका आईने आपल्या मुलीला नाटिकेतून काढून घेतलं आणि ती शेवटपर्यंत नाराजच राहिली.

आणि मग संमतीचा कागद सगळ्यांसाठी करायचं ठरलं, ख्रिस्ती, हिंदू सगळ्यांसाठी सारखाच, जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी आणि नोव्हेंबरात नवीन येणाऱ्यांसाठी पुन्हा. वाचता न येणाऱ्या पालकांना वाचून दाखवायचा.

बाकी काय काय केलं

गॅदरिंगसाठी नियम एकच ठेवला, प्रत्येक मूल स्टेजवर. वर्गावर एक आयटम, पूर्ण वर्ग त्यात, आणि कपडे घरातले. ड्रेपरीवाला नाही. पहिल्यांदा शिक्षिका घाबरल्या होत्या की स्टेज फिकं दिसेल. पण कुपारी (इथल्या कादोडी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या) आज्यांनी कपाटातली लाल लुगडी काढून दिली, कोळीवाड्यातून रुमाल आले आणि चौथीचा आयटम ठरला तारप्यावर, म्हणजे वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या वाद्यावर, कारण एका मुलाचा बाप तारपा वाजवतो हे पोरांकडूनच कळलं होतं.

तो माणूस काम सुटल्यावर यायचा, हातपाय धुऊन मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि दुधी भोपळ्याचा तो लांबलचक तारपा तोंडाला लावायचा. मुलं एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फेर धरायची, पाठ कधी त्याच्याकडे करायची नाही, तो वळला की अख्खी रांग वळायची. आपल्या धर्मग्रामातली पोरं आधी पायात पाय अडकून पडायची आणि वाडीवरची पोरं त्यांना शिकवायची. वर्गात हीच मुलं मागच्या बाकावर गप्प असायची, बाई सांगतात की त्यानंतर दोघंतिघं फळ्यावर यायला लागली.

दिवाळीनंतर येणाऱ्यांसाठी प्रत्येक आयटममध्ये जागा मोकळी ठेवली. म्हणजे कोरसच्या ओळी, फेर, टाळ्या, असं काही की नवीन मूल दहा दिवसांच्या सरावातही मिसळेल. ही कल्पना दुसरीच्या बाईंची. ऐकायला किरकोळ वाटते, पण आधी यादी नोव्हेंबरातच बंद व्हायची.

निरोपाचंही बदललं. ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे कळवलं असं धरायचं नाही. मुलाच्या वहीत चिठ्ठी, वाडीवर जाऊन तोंडी, आणि ग्रुपवर लेखी मेसेजसोबत आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप.

नाताळचा भाग साधा ठेवला. गोठा मुलांनीच केला, झावळ्या, पेंढा, आणि पत्र्याच्या झाकणांत नाचणी पेरून उगवलेली हिरवळ. नाटिका वीस मिनिटांची, सुट्टीआधी, संध्याकाळी साडेपाचला. धर्मग्रामातल्या बायकांनी फुगे (पिठाचे गोळे) तळून आणले, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी उसळ केली.

सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट

वेळ संध्याकाळची केली तरी नाटिकेला वाडीवरच्या आया फार कमी आल्या. मारियाचा बाप पण नाही आला, ज्याने स्वतः विचारलं होतं. चौकशी केली तर कळलं की त्या दिवशी फुलांचा माल भरायचा होता, उशिरापर्यंत काम चाललं.

आता ही वाडी कोणाची? धर्मग्रामातल्याच कुटुंबाची. ज्यांच्या घरचा माणूस तेव्हा पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता त्यांचीच. हे लक्षात आल्यावर मीटिंगमध्ये बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आपण फंड, ड्रेस, चिठ्ठ्या सगळं करत होतो आणि त्या आयांची संध्याकाळ आपल्याच लोकांच्या हातात होती. मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वळण हेच. धर्मग्रामाने शाळेला पैसे देण्यापेक्षा त्या दिवशी मजुरांना दोन तास लवकर सोडणं, तेही मजुरी न कापता, जास्त मोलाचं होतं.

फादरांनी जानेवारीच्या पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर सूचनांमध्ये सरळ सांगितलं: येत्या शनिवारी शाळेचं गॅदरिंग आहे, तुमच्या वाडीवर, बांधकामावर ज्यांची मुलं आपल्या शाळेत आहेत त्यांना चार वाजता सोडा, मजुरी पूर्ण द्या. संघातले आम्ही तिघं-चौघं वाडीमालकांच्या घरी जाऊनही बोललो. बहुतेकांनी ऐकलं. एक-दोघं म्हणाले, माल कोण भरणार, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं, दादरच्या बाजाराची वेळ कोणासाठी थांबत नाही. तिथे घरच्या पोरांनी टोपल्या भरायच्या असं ठरलं.

निकाल

गॅदरिंगच्या संध्याकाळी हजेरी आधीच्या वर्षापेक्षा खूपच चांगली होती, मोजकी मुलं सोडली तर सगळी आली आणि आईबापांनी मैदान भरलं. तारप्याचा फेर सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांतल्या बायाही उठून त्यात शिरल्या, आयटम सात मिनिटांचा होता तो वीस मिनिटं चालला. बाईंनी थांबवला नाही, मागचे दोन आयटम लांबले तर लांबले. मारियाचा बाप या वेळी आला. खर्च आधीच्या वर्षाच्या निम्म्याहून कमी.

पण सगळं गोड झालं असं नाही. बांधकामावरची दोन भावंडं कार्यक्रमाच्या चार दिवस आधी शाळेतून गेली, ठेकेदाराने साईट बदलली. शिक्षिका थकल्या, एकीने स्पष्ट सांगितलं की दरवर्षी हे जमणार नाही. पटही लगेच वाढला नाही, जूनमध्ये धर्मग्रामातून नवीन प्रवेश जवळपास तेवढेच राहिले. वाडीवरच्या मुलांचं मात्र एक झालं, काही घरांनी शिमग्याला गावी जाताना लहान भावंडांचं नाव पुढच्या वर्षासाठी विचारून ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

वाडीमालकांकडे जुलैमध्येच जायला हवं होतं. तारखा तेव्हाच सांगितल्या असत्या तर मालाच्या दिवसाशी टक्कर टाळता आली असती, जानेवारीत ऐनवेळी विनवण्या कराव्या लागल्या नसत्या.

मजुरी पूर्ण द्या हे चर्चमध्ये सांगणं पुरेसं आहे का याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. एका वाडीवर अर्ध्या दिवसाचे पैसे कापले गेले असं नंतर कानावर आलं, आणि ती बाई परत विचारलं तर काही बोलायला तयार नव्हती. कार्यक्रमानंतर आठवड्याभरात सगळीकडे चौकशी करायला हवी होती, ती झाली नाही.

नाराज झालेल्या आईशी कोणी नंतर बसून बोललं नाही. तिची मुलगी अजून शाळेत आहे, मराठी शाळेत मूल ठेवलेल्या धर्मग्रामातल्या मोजक्या घरांपैकी ते एक. तिला फक्त जुन्या विचारांची म्हणून सोडून देणं बरोबर नाही, तिने इतरांसारखं इंग्लिश माध्यम धरलं नाही हेही लक्षात घ्यायला हवं.

आणि सगळं लिहून ठेवायला हवं होतं. सिस्टरांची बदली पुढच्याच वर्षी झाली, धर्मभगिनींची बदली होतच असते. नवीन सिस्टर आल्या, त्यांनी फाईल उघडली तर त्यात मंडपवाल्याची पावती आणि जुन्या ड्रेपरीवाल्याचं कार्ड. मोकळी जागा, संमतीचा कागद, चार वाजताची सुट्टी हे सगळं लोकांच्या डोक्यात. आता संघाने दोन पानी टिपण केलंय, ऑफिसच्या फाईलमध्ये एक प्रत आणि फादरांकडे एक.

या वर्षी पुढे काय

८ सप्टेंबरला मुलं नेहमीप्रमाणे फुलं आणतील, फक्त विकत आणायची नाहीत, ज्यांच्या वाडीवर फुलं आहेत ते जास्तीची देणार आहेत. बालदिन वर्गातच. नाटिका आणि गोठा सुट्टीआधी, संध्याकाळी. गॅदरिंग पुन्हा तीन राजांच्या सणानंतरच्या शनिवारी, पण शिक्षिकांचं ओझं कमी करायला दोन आयटम माजी विद्यार्थी बसवणार, त्यातले काही आता कॉलेजात आहेत आणि हो म्हणालेत.

तारप्याचा प्रश्न बाकी आहे. त्या मुलाची चौथी झाली, घर या वर्षी परत याच वाडीवर येईल का माहीत नाही. त्याच्या बापाने जाण्याआधी दोन जणांची नावं सांगून ठेवलीत, एक मोखाड्याचा, दुसरा इथेच वीटभट्टीवर असतो. त्यांना विचारायचं काम माझ्याकडे आहे, दिवाळीच्या आधी.